हातमोजे कुणी दिले?

हे मी मराठीत आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दत्तूमामांच्या उजव्या हाताची तीन बोटं माझ्यामुळे गेली, आणि ती त्यांच्याच चुकीने गेली असा रिपोर्ट मी माझ्या हाताने लिहिला.

आता प्रवासाबद्दल. एक वर्ष कॅनडात राहून आलेल्या माणसाकडून लोकांना काय ऐकायचं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. नायगारा कसा वाटला? पाहिला नाही. दीड-दोन तासांवर होता, तीन वेळा गाडीत जागा होती, गेलो नाही. खंत नाही. रस्ते स्वच्छ आहेत, लोक रांगेत उभे राहतात, अनोळखी माणूसही दार धरून थांबतो, हे सगळं आधी गेलेल्यांनी लिहून ठेवलंय, ते वाचा. मी फक्त पहिल्या आठ दिवसांबद्दल लिहिणार आहे. माझा प्रवास त्या आठ दिवसांत झाला. उरलेलं वर्ष मी तिथे नुसता राहत होतो.

मी विलास कदम. तालुक्याच्या गावच्या एका तंत्रनिकेतनात बावीस वर्षं वर्कशॉप शिकवलं. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. २०१७ च्या जानेवारीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, टोरंटोजवळ वॉनला एका खासगी ट्रेनिंग सेंटरने मला वर्षभराच्या करारावर शिकवायला बोलावलं. मुलाखत लॅपटॉपवर झाली. त्यात एक प्रश्न होता, तुमच्या हाताखाली कधी गंभीर अपघात झालाय का? मी म्हणालो, एक. अटेंडंटच्या चुकीने. हे वाक्य मला इतकं पाठ होतं की इंग्रजीतही अडखळलो नाही.

एटोबिको

राहायची सोय टोरंटोच्या पश्चिम टोकाला, एटोबिकोला, रानडे काकांच्या बेसमेंटमध्ये झाली. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे कॉलेजातले मित्र. १९६९ साली इंजिनिअर म्हणून इकडे आले, आता वय अठ्ठ्याहत्तर. विमानतळावर स्वतः गाडी घेऊन आले होते. मला आपादमस्तक पाहिलं.

"विलास? चल. आणि जॅकेट हेच आणलंयस?"

"हो. नवीन घेतलंय."

"हे जॅकेट नाही, हा शर्ट आहे. बस गाडीत, डाय होशील."

बाहेर उणे सतरा होतं. हे आकडे वाचून कळत नाहीत. नाकातले केस कडक होऊन टोचायला लागतात, तेव्हा कळतं.

घरी काकूंनी पिठलं केलं होतं. पोळ्या मात्र फ्रीझरमधून निघाल्या. एकेका पोळीमध्ये कागद, आणि पिशवीवर पेनाने लिहिलेलं: दिवाळीनंतर. आमच्याकडे सकाळची पोळी रात्री वाढली तर माझे वडील ताटावरून उठायचे. मी दिवाळीनंतरच्या चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली.

"खा रे," काकू म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी रडत पोळ्या लाटल्या, तेव्हा इथे आटा मिळत नव्हता. मैदा आणि कोंडा एकत्र करायचे."

जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून काकांचे जुने हातमोजे काढले. कातडी, आतून लोकर. "हे घाल बाहेर पडताना. थंडीने हात भाजतात इथे."

मी घेतले. ते शब्द माझ्या ओळखीचे होते, कसे ते पुढे येईल. हातमोजे मी खिशात ठेवले. खिशातच ठेवायचे, हे तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर गुडघाभर बर्फ. काकांनी माझ्या हातात फावडं दिलं. "ड्राइव्हवे शोव्हल करायचाय. कडेने सुरू कर, पाठीत वाकू नकोस, गुडघ्यात वाक. मी सत्तरी ओलांडल्यापासून डॉक्टर मला करू देत नाहीत, म्हणून मी फक्त सूचना करतो."

सूचना त्यांनी खिडकीतून केल्या, काच ठोकून ठोकून. मी वीस मिनिटं उघड्या हातांनी बर्फ ओढला. मग फावड्याला चिकटलेला बर्फ काढायला लोखंडाला हात लावला, आणि तळवा तिथेच चिकटला. ओढला तेव्हा साल निघाली. काका चपलांवरच बाहेर धावले.

"अरे गाढवा! ग्लव्ह्ज कुठायत?"

"खिशात."

"खिशात? खिशाला थंडी वाजतेय का?"

"मला सवय नाही काका."

"इथे सवयीचा प्रश्न नाही रे, बोटांचा प्रश्न आहे."

हे ते सहज बोलले. काकूंनी कोमट पाण्याचं पातेलं आणून माझा हात त्यात धरला आणि काकांना इंग्रजीत रागावल्या. तिथली मराठी जोडपी एकमेकांना इंग्रजीत रागावतात, असं मी पुढे बऱ्याच घरांत पाहिलं.

रविवार, हळदीकुंकू

संक्रांत होऊन गेली होती, पण तिकडे सण शनिवार-रविवार बघून येतात. रविवारी दुपारी काकूंकडे हळदीकुंकू होतं. वीस-पंचवीस बायका, सगळ्या काळ्या साड्यांवर जाडजूड कोट घालून आलेल्या. दारात बुटांचा ढीग. आणि बायकांबरोबर आलेल्या पुरुषांना कुठे बसवायचं, तर माझ्या खोलीत. आठ पुरुष माझ्या पलंगावर, खुर्चीवर, न उघडलेल्या बॅगेवर बसून तिळाच्या वड्या खात होते आणि विंटर टायर्सबद्दल बोलत होते. काकांनी ओळख करून दिली, "हा विलास. प्रोफेसर आहे." मी प्रोफेसर नव्हतो, इन्स्ट्रक्टर होतो. तेही दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करण्यात मी तरबेज होतो.

जवळच्या मार्कहॅमहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला होता, मूळचा नागपूरचा. तो बॅगेवरून पुढे सरकून म्हणाला, "सर, तुमच्या वर्कशॉपात खंडेनवमीला मशीनची पूजा होते नं अजून? माझ्या मामाच्या कारखान्यात व्हायची. आमाले त्या दिवशी मशीनवर चढून बसू द्यायचे. लय मिस करतो बुवा मी."

"होते," मी म्हणालो.

"कोन करते? तुमी?"

"आमचे अटेंडंट करतात. दत्तूमामा."

"वा. ग्रेट लोक असतात हे."

मी वडी तोंडात टाकली, म्हणजे पुढे बोलायला नको.

दत्तूमामांबद्दल आता सांगतो. आमच्याकडे वर्कशॉप अटेंडंटला सगळे मामा म्हणतात, प्राचार्यांपासून पोरांपर्यंत. दत्तूमामा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागलो तेव्हा लेथवरची माझी पहिली चूक त्यांनी, पोरांना कळू न देता, पाठीमागून बटण बंद करून सावरली होती. मशीन आवाज करायला लागलं की ते कान देऊन सांगायचे, "सर, हिला तेल कमी पडतंय." मेकॅनिकची जागा रिकामी होणार होती आणि त्यांची बढती ठरल्यात जमा होती.

कॅनडाला जाण्याच्या चार वर्षं आधी तपासणी समिती येणार होती. आमच्याकडे समिती येणार म्हणजे काय होतं, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. भिंतींना रंग, कुंड्या, आणि पोरांनी वर्षभर केलेले जॉब, म्हणजे सरावाला बनवलेले लोखंडी भाग, टेबलावर मांडायचे. जॉब गंजलेले होते. मी मामांना म्हणालो, दुपारपर्यंत सगळे शाफ्ट, म्हणजे गोल दांडे, चमकले पाहिजेत. शाफ्ट लेथवर बांधून फिरवायचा आणि एमरी पेपर हातात धरून घासायचा. घासताना तो तापतो. पाच-सहा झाल्यावर मामा बोटांवर फुंकर मारायला लागले. म्हणाले, "सर, जरा थांबून करू?" समिती गेटवर आली होती. मी माझ्या कपाटातले वेल्डिंगचे हातमोजे काढून त्यांच्याकडे फेकले. "हे घाला. हात भाजतील."

फिरत्या मशीनजवळ हातमोजा घालायचा नाही, हा वर्कशॉपचा पहिला धडा. उघडं बोट भाजेल, खरचटेल, पण बहुतेक वेळा सुटेल. हातमोज्याचं टोक अडकलं की मशीन हातमोज्यासकट हात आत ओढतं. हा धडा मी दर जुलैत फळ्यावर लिहायचो. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तो धडा पाठ होता. पण सर म्हणाले, म्हणून घातले.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी लिहिला. "अटेंडंटने परवानगीशिवाय, हातमोजे घालून, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे." तिसऱ्या दिवशी सही घ्यायला दवाखान्यात गेलो. मामांनी कागद डाव्या हातात धरून अख्खा वाचला, ओठ हलवत. मग डाव्या हातानेच सही केली. आणि विचारलं, "सर, इन्स्पेक्शन नीट झालं का?"

बढती गेली. वर्कशॉपमधून काढून त्यांना गेटजवळच्या टेबलावर बसवलं. सर्व्हिस बुकात लाल शाईने माझंच वाक्य चढलं. पुढच्या खंडेनवमीला ते गेटवरून उठून वर्कशॉपमध्ये आले, राहिलेल्या दोन बोटांत सुई धरून झेंडूचा हार ओवला, त्याच लेथला घातला, कुंकू लावलं, आणि मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

वॉन

सोमवारी गुरमीत मला न्यायला आला. सेंटरमध्ये वेल्डिंग शिकवणारा, जालंधरचा, माझ्याच वयाचा. त्याने माझे हात पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "भाईसाब, दस्ताने?"

"जेब में हैं।"

"जेब में?" तो स्टिअरिंगवर हात आपटून हसला. "ओ जी, जेब को पढ़ाने ले जा रहे हो क्या?" मग डब्यातला पराठा माझ्या मांडीवर ठेवला. "पकड़ो। गरम है। हाथ भी सेंको, पेट भी भरो।"

वॉन म्हणजे नुसती सपाट छपरांची गोदामं आणि कारखाने. आमच्या एमआयडीसीला कुणी इस्त्री करून बर्फावर ठेवावं तसं. आत शिरल्यावर मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. तोच मशीनवर थंडाव्याला सोडतात त्या कूलंटचा वास. लोखंडाला देश नसतो बहुधा.

विभागाची प्रमुख लोरेन. साठीची, ठेंगणी, केस पुरुषासारखे कापलेले, तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून आलेली. तिने माझ्याशी हात मिळवला, तळव्याची निघालेली साल पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कशाने?"

"बर्फाने. हातमोजे घातले नाहीत."

"होते का?"

"होते."

तिने काही तरी मनात लिहून घेतलं. मग माझी अंगठी, घड्याळ आणि मनगटावरचा दोरा काढायला सांगितला. अंगठी आणि घड्याळ दिलं. दोरा निघताना सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, अंबाबाईच्या देवळातून आणून बांधलेला. मी म्हणालो, हा धार्मिक आहे. बावीस वर्षं मी पोरांच्या हातातले दोरे काढायला लावले आणि माझा कधी काढला नाही, कारण मी सर होतो.

"मशीनला ते कळत नाही," लोरेन म्हणाली. चिडून नाही, पावसाळ्यात छत्री घे म्हणावं तशी. पाकीट दिलं, त्यावर माझं नाव लिहिलं. "चार वाजता इथेच मिळेल."

वर्गात सव्वीस जण. अठरा वर्षांच्यापासून पन्नाशीपर्यंत. सगळे मला विलास म्हणत. पहिल्या तासाला एकाने लांबून हाक मारली, "हे विलास, ही अडकलीय!" कॅनडाला येण्याआधीच्या बावीस वर्षांत मला माझ्या नावाने फक्त आईने आणि मोठ्या भावाने हाक मारली होती. अपमान वाटला, खोटं कशाला सांगू. दुपारपर्यंत कमी झाला. बुधवारपर्यंत बरं वाटायला लागलं. सर म्हटलं की माणूस तुमचं चुकीचंही ऐकतो.

चार वाजता लोरेनने तिथली पद्धत सांगितली. नवा इन्स्ट्रक्टर आला की पहिल्या शुक्रवारी दहा वाजता मशीनं बंद. सगळे जमतात. तो आपल्या कामातला एक अपघात सांगतो. "दुसऱ्याचा नाही. व्हिडिओ नाही. तुझ्या हातून झालेला. त्या माणसाचं नाव घेऊन."

"आणि कधी झालाच नसेल तर?"

"तर तू खोटं बोलतोयस, किंवा तू कधी कामच केलं नाहीस."

गुरुवार

माझ्याकडे एक सोयीची गोष्ट तयार होती. एकदा माझ्याच डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता, चष्मा न घातल्याने. नाव घ्यायचं तर माझंच. बुधवारभर मी ती इंग्रजीत घोटली. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता चहाच्या वेळी मी काकांना विचारलं, की समजा, खरोखर एक गंभीर प्रकार झाला असेल, आणि इन्स्ट्रक्टरची चूक असेल, तर इथे तो सांगावा का?

काकांनी कप खाली ठेवला. "कुणाची चूक? तुझी?"

"समजा."

"समजा वगैरे मला सांगू नकोस. ऐक. नॉट अ वर्ड. हा देश सॉरी म्हणतो उठता-बसता, दार लागलं तरी दाराला सॉरी म्हणतो. पण खरं सॉरी म्हणायचं असलं की लॉयरला विचारतो. इंटरव्ह्यूत काय सांगितलंस?"

"अटेंडंटची चूक होती म्हणून."

"मग संपलं. आता बदललंस तर उद्या विमानात. एक वर्ष गप्प राहा, काम कर, घरी जा. आम्ही पन्नास वर्षं काय केलं?"

काकू थालीपीठ उलटत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "काय केलं आपण पन्नास वर्षं?"

काकांनी कप पुन्हा उचलला. थालीपीठ फ्रोझन मेथीचं होतं, पण खमंग. मी दोन खाल्ली आणि डोळ्यातल्या कणाची गोष्ट पुन्हा एकदा मनात म्हणून घेतली.

शुक्रवार

दहा वाजता मशीनं थांबली. एवढ्या मोठ्या वर्कशॉपमधली शांतता कानाला दुखते. आधी लोरेनने स्वतःची गोष्ट सांगितली, दर वेळी सांगते म्हणे. पत्रा दाबायच्या प्रेसची वीज पूर्ण बंद न करता तिने एका माणसाला आत वाकायला सांगितलं होतं. त्याचं नाव घेतलं. त्याचा खांदा कसा झाला ते सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रडली नाही, आवाज चढवला नाही, भाजीचे भाव सांगावेत तशी सांगितली आणि बाजूला झाली. "विलास."

मी उभा राहिलो. डोळ्यातल्या कणाची गोष्ट तोंडात आली, आणि मला तिची लाज वाटली. त्या बाईनंतर ती सांगणं शक्यच नव्हतं. मग मी दत्तूमामांची सुरू केली. पण कशी? रिपोर्टमधली. चार वर्षं घोटलेली. एक अटेंडंट होता, दत्तू. तो लेथवर शाफ्ट पॉलिश करत होता. त्याने हातमोजे घातले होते. हातमोजा अडकला. तीन बोटं गेली. म्हणून फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नका. संपलं. एका मिनिटात.

एक बाई मागून म्हणाली, "एक विचारू?" मारिसोल तिचं नाव. चाळिशीची, फिलिपिन्सची, आधी बेकरीत काम करायची. "त्याला हातमोजे कुणी दिले?"

आमच्या संस्थेत चौकशी समिती बसली होती. पाच माणसं, सगळे इंजिनिअर. लेथजवळ वेल्डिंगचे हातमोजे आले कुठून, हे पाचांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. चार वर्षांत कुणीच नाही. आणि बेकरीतून आलेल्या बाईने एका मिनिटात विचारलं. तिला कुणाला पकडायचं नव्हतं. तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"मी दिले," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. समिती, गंज, फुंकर, "जरा थांबून करू?", कपाट, फेकलेले हातमोजे. रिपोर्टही सांगितला. डाव्या हाताची सही सांगितली. पेढा सांगितला, आणि पेढा म्हणजे काय हेही समजावून द्यावं लागलं. माझं इंग्रजी त्या दिवशी फार वाईट होतं आणि मला त्याची पर्वा नव्हती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. एका पोराने खाली पाहून आपले हातमोजे कमरेच्या पट्ट्यात खोचले. मी माफी मागितली नाही. ती त्यांच्याकडे मागायची नव्हतीच.

लोरेनने मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. "मुलाखतीत तू वेगळं सांगितलं होतंस."

"हो."

"हे तुझ्या फाइलमध्ये जाईल. स्वतः लिही."

लिहिलं. अपघाताचा मी लिहिलेला पहिला खरा रिपोर्ट, परदेशात, परक्या भाषेत. सही केली आणि विचारलं, "मी कधी निघायचं?"

"सोमवारी साडेसहाला यायचंस. लेथ तुझ्याकडे." मग चष्म्यावरून पाहत म्हणाली, "त्या माणसाला माहीत आहे का, तू हे बोललास ते?"

"नाही."

"मग तू अर्धंच काम केलंयस. उरलेलं इथे होणार नाही."

परतताना एटोबिकोला गाडी थांबवली तेव्हा गुरमीत एवढंच म्हणाला, "विलास भाई, अब तो पहन लो।" मी खिशातून काकांचे हातमोजे काढले आणि घातले. थंडीसाठी असतात ते. ज्या कामाला असतात त्या कामाला घालायला हरकत नाही.

काकांना, तिथे बोललो, एवढंच सांगितलं तेव्हा ते खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत होते. "मी असतो तर नसतं सांगितलं," ते म्हणाले. नंतर वर्षभरात तो विषय त्यांनी काढला नाही.

घरी

मला वाटलं होतं वर्ष संपलं की सरळ मामांकडे जाईन. गेलो नाही. आधी संस्थेत गेलो, कारण ते सोपं होतं. मी तिकडे असताना मामा रिटायर होऊन गावी राहायला गेले होते. मी प्राचार्यांसमोर अर्ज ठेवला, की अमुक रिपोर्ट खोटा आहे, तो मी लिहिला आहे, सर्व्हिस बुकातला शेरा रद्द व्हावा.

त्यांनी वाचला आणि हसले. "कदम, कॅनडाची थंडी डोक्यात गेली का? माणूस रिटायर झाला, फाइल बंद झाली. मामांनी कधी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच. आवक शिक्का मारा."

"अहो, तुमच्यावरच कारवाई होईल."

"होऊ द्या. शिक्का मारा."

दीड तास बाकावर बसलो तेव्हा शिक्का मिळाला. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता, नायगारा कसा होता? कारवाई व्हायची ती होईल. हे छापून आल्यावर आमच्यातले काही जण म्हणतील, कदमला मोठेपणा हवाय. म्हणू देत. ज्यांना संस्थेची बदनामी वाटते त्यांनी चौकशीचे कागद पुन्हा काढावेत आणि पाच सह्यांच्या वर एक प्रश्न लिहावा.

हा मजकूर पाठवण्याआधी सुनंदाला वाचायला दिला. तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला. कागद ओट्यावर ठेवले, ओला हात पदराला पुसला.

"मामांना वाचायला दिला?"

"अजून नाही."

"मग पेपरवाल्यांना आधी का? मामांच्या गावाची एस.टी. दर तासाला आहे."

तिला मी उत्तर दिलं नाही, इथे देतो. मामा काय म्हणतील ते मला माहीत आहे, म्हणून गेलो नाही. बसा सर म्हणतील. चहा सांगतील. म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. आणि तेवढ्यावर मी उठून येईन, इतका मी मला ओळखतो. पण या खेपेला जाऊ द्यायचं नाही. मामा म्हणाले तरी नाही.

तेव्हा हे लिहून ठेवतो. अर्जाची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे, ती मामांच्या हातात द्यायची आहे. आणि त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या उजव्या हाताकडे बघत, मराठीत सांगायचं आहे: हातमोजे मी दिले होते, आणि रिपोर्ट खोटा होता. हे माझ्याकडून राहिलेलं आहे.